एका पानावर दोघे

राव लिफ्टचं बटण दाबत. दार उघडलं की आत डोकं घालून एकदा चारी भिंतींकडे बघत, हात लांब करून वरच्या मजल्याचं बटण दाबत, पटकन बाहेर येत आणि स्वतः जिन्याने वर जात. लिफ्ट रिकामी वर पोचायची. तिथे राव धापा टाकत तिच्या स्वागताला उभे असायचे. दार उघडलं की परगावाहून आलेल्या सुनेकडे बघावं तसे तिच्याकडे बघत म्हणायचे, "आलीस काय? सरि, बरं झालं."

तुम्ही म्हणाल, असतात अशी माणसं, लिफ्टला घाबरणारी. असतात. पण हा गृहस्थ लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत होता आणि लिफ्टच्या डब्यावर जो छोटा कॉम्प्युटर बसवतात त्याची ऑपरेटिंग सिस्टिम यांनीच लिहिली होती. मी एकदा विचारलंच, "राव, तुम्हीच का हो बसत नाही?"

"बाई, मला तिच्या आंतलं माहीत आहे," राव म्हणाले.

राव हे त्यांचं नाव नव्हे. कुंभकोणमला कुठल्याही मराठी माणसाला राव म्हणतात. तिथल्या मराठी घराण्यांपैकी प्रत्येकाचे पूर्वज तंजावरच्या दरबारात कोणीतरी मोठे होते, असं मला पहिल्या आठवड्यातच कळलं. कोणी सरदार, कोणी दिवाण. रावांना विचारलं तर म्हणाले, "अस्के सरदार होते तर आंघोळीचं पाणी कोण तापवीत होता? आम्ही." अस्के म्हणजे सगळे. हा शब्द रावांच्या तोंडी दर दुसऱ्या वाक्याला असे.

मी इचलकरंजीची. आमच्या मालकांना, म्हणजे सगळे ज्यांना मुदलाळी म्हणत त्यांना, महाराष्ट्रात बोलक्या लिफ्ट विकायच्या होत्या. "दरवाजा बंद होत आहे," असं गोड आवाजात म्हणणारी बाई त्यांना हवी होती आणि ती सापडली ती मी. माझं बोलणं ऐकून राव पहिल्या दिवशी खूप वेळ खाली मान घालून बसले. मला वाटलं, भारावले. मग म्हणाले, "तुमची मराठी बिघडली आहे, बाई. हिंदी शिरली आहे तिच्यांत."

"आणि तुमची पेशव्यांनंतर कोणी बदललीच नाही," मी म्हटलं.

आमची मैत्री तिथून सुरू झाली.

दुपारी आम्ही महामहम तळ्यामागच्या एका खानावळीत जेवायला जात असू. केळीच्या पानावर सांबार-भात. तिथेच रावांनी मला त्यांचं काम समजावलं, आणि मी, जिला टीव्हीचा रिमोट कळत नाही, ती आज तुम्हाला ते सांगू शकते.

रावांनी वाढप्याला तमिळमध्ये विचारलं, "पायसम आहे का?" वाढपी म्हणाला, "आहे." आम्ही थांबलो. दुसऱ्या वाढप्याला विचारलं. तोही म्हणाला, "आहे." पायसम काही येईना. शेवटी तिसरा आतून आला आणि म्हणाला, "संपलं. केव्हाच संपलं."

"बघितलंत काय?" राव आनंदाने म्हणाले. पायसम न मिळाल्याचा असा आनंद मी कोणाच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता. "मुदपाकखाना लांब. दर वेळीं तिकडे जायचं कोण? म्हणून हे डोक्यांतलं सांगतात. डोकं जवळ आहे. प्रोसेसर असंच करतो. मेमरी लांब, म्हणून जवळ, खिशांत ठेवावी तशी, थोडी नक्कल ठेवतो. तिला कॅश म्हणायचं. आतां मुदपाकखान्यांत बदललं आणि याच्या डोक्यांत जुनंच राहिलं, तर?"

"तर आपण उपाशी."

"आपण उपाशी. आणि तें लिफ्टींत झालं तर माणूस दोन मजल्यांच्या मधें." त्यांनी पान मिटलं. "अस्क्यांच्या नकला सारख्या ठेवणं, हें माझं काम. दुसरं कांहीं मला येत नाहीं."

म्हणून त्यांना कुणी काहीही ठामपणे सांगितलं की ते डावी भुवई वर करून विचारत, "हें खिशांतलं, कीं मुळांतलं?" मुदलाळी म्हणाले, गिऱ्हाईक खूश आहे, तरी हेच. मी म्हटलं, पाऊस येणार, तरी हेच. त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे वहिनींच्या, माहेरून म्हणे लग्न ठरताना निरोप आला होता की मुलगी पसंत आहे तर कळवा, आणि रावांनी उलट निरोप धाडला होता की मुलीला मी पसंत आहे हें कोणाच्या खिशांतलं आहे. वहिनी ही गोष्ट सांगताना अजून लाजायच्या.

आता रावांचं दुखणं सांगते. रावांनी जन्मात महाराष्ट्र पाहिला नव्हता. मुलगी लग्न होऊन सांगलीला होती, नातू बोलू लागला होता, आणि राव कुंभकोणमहून हलू शकत नव्हते. कारण असं, की या गावाभोवती, तिरुनागेश्वरमपासून पापनाशमपर्यंत, लग्नाच्या कार्यालयात, दुकानात, दवाखान्यात आमच्या लिफ्ट होत्या, आणि प्रत्येकीत रावांची सिस्टिम होती, आणि ती रावांखेरीज कोणाला कळत नव्हती. राजीनामा दिला होता, तो मुदलाळींच्या खणात पडून होता. लिफ्ट अडकली की त्यांचा फोन. तिकिटं काढली की हमखास कुठलीतरी लिफ्ट अडकायची. वहिनी बॅग भरायच्या आणि पुन्हा रिकामी करायच्या. पुढे पुढे त्या रिकामी करेनाशाच झाल्या. कपाटातून काढावी तशी त्या बॅगेतूनच रोजची साडी काढायच्या.

"दुसऱ्या कोणाला शिकवत का नाही?" मी विचारायची.

"शिकवतों कीं. वळ्ळीला शिकवतों आहें."

वळ्ळी ही आमच्याकडची इंजिनीअर, हुशार, फटकळ. ती म्हणायची, "सर शिकवतात, पण किल्ली देत नाहीत. मी दुरुस्त केलं की रात्री पुन्हा तपासतात." त्यावर राव म्हणायचे, "नको तपासूं काय? आंत माणूस असतो."

तर ही बोलकी लिफ्ट आली आणि सगळं बिघडलं. ही नुसती बोलत नसे, ऐकतही असे. तुम्ही "दोन" म्हटलंत की दुसऱ्या मजल्यावर जायची. जुन्या लिफ्टींत रावांनी एक रांगडा उपाय ठेवला होता. काही नवीन आलं की डोक्यातलं सगळं आधी मुदपाकखान्यात लिहायचं आणि मग डोकं कोरं करायचं. "अस्कं धू," असं ते त्याला म्हणत. पक्कं काम, पण हळू. ऐकणाऱ्या लिफ्टीला तो वेळ परवडेना. तुम्ही "दोन" म्हणायचं आणि तिने जेवण झाल्यावर हलायचं, असं होऊ लागलं. तेव्हा रावांनी स्वतःच तो उपाय काढला आणि जेवढं बदललं तेवढंच पुसायचं, असं नेमकं केलं.

आणि तिरुनागेश्वरमच्या ज्या मंगल कार्यालयात पहिली बोलकी लिफ्ट चाचणीला बसवली होती, तिथे नवरदेवाचे मामा लोक अडकले. आत माझा आवाज गोड मराठीत त्यांना सांगत होता, "कृपया शांत राहा, मदत येत आहे." मराठी कारण कोणीतरी भाषेचं बटण दाबलं होतं. मामा लोकांना वाटलं, बाहेर कोणी बाई त्यांच्यावर ओरडते आहे. तेही ओरडले.

राव गेले. लिफ्टीत वाळूच्या गोण्या भरून दिवसभर वर-खाली फिरवल्या. एकदा अडली नाही. मामा लोकांनाच काही तरी झालं असेल, असं सगळ्यांचं मत पडलं. पुढे ती पुन्हा अडली, तेव्हा नादस्वरमवाले, म्हणजे तिकडचे सनईवाले, आत सूर लावत होते. राव पुन्हा गोण्या घेऊन गेले. गोण्या सुखरूप.

तेवढ्यात एका डोळ्यांच्या दवाखान्याने तीच लिफ्ट मागितली. मुदलाळींनी रावांना खोलीत बोलावलं. मी बाहेरच होते, आणि दार लावलेलं असलं तरी माझे कान कधीच लावलेले नसतात.

"राव, लिफ्ट ठीक आहे अशी सही करा. तुमचा राजीनामा मी मंजूर करतो. सांगलीला जा, नातवाला खेळवा."

"आणि नाहीं केली तर?"

"तर दोष सापडेपर्यंत कसे जाल? तुम्हीच सांगा."

राव बाहेर आले. मी नाटकातल्यासारखी त्यांच्या वाटेत उभी राहिले. "करून टाका सही! गोण्या फिरल्या ना? अजून काय पाहिजे?"

"डोळ्यांवर पट्टी बांधलेलीं माणसं असतील आंत, बाई."

"मग?"

"मधें अडकलीं तर त्यांना कळणारसुद्धां नाहीं कोठें आहेत तें." ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. "घरांत काय सांगूं तें सांगा. तिकिटं काढलीं आहेत."

मग त्यांनी जे केलं ते अख्ख्या कंपनीने काम सोडून पाहिलं. आमच्या इमारतीत लिफ्ट तपासायचा उंच मनोरा होता. राव लिफ्टपाशी गेले, आत डोकं घातलं, चारी भिंतींकडे पाहिलं, आणि आत शिरले. "मी बसतों," म्हणाले. "गोण्यांना विचारून कळत नाहीं." मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपमधून वायर वर कॉम्प्युटरच्या डब्यात. दार मिटलं तेव्हा वळ्ळीने डोळे मिटले.

राव सकाळपासून फिरत राहिले. घामाने शर्ट भिजला होता. ओठ आवळलेले. भीतीने त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. लिफ्ट चालतच राहिली. दुसऱ्या दिवशीही. वहिनींनी पाठवलेला दहीभात कुणीतरी तळमजल्यावर आत सरकवायचं.

मला ते बघवेना. तिसऱ्या दिवशी दार उघडलं तशी मी आत शिरले.

"बाहेर व्हा," राव म्हणाले.

"एकट्यानं घाम गाळण्यापेक्षा दोघांनी गाळू," मी म्हटलं, आणि सुरू झाले. तुम्हाला मी एव्हाना कळलेच आहे. इचलकरंजीच्या माझ्या आत्याने लिफ्टीत देव आहे समजून नमस्कार केला होता ती गोष्ट, आमच्या शेजाऱ्याने रेडकू गच्चीवर नेलं ती गोष्ट, रेडकाचा आवाज काढून, मालकाचा आवाज काढून. राव भिंतीला टेकून ऐकत होते. रेडकू जिन्यात बसलं म्हणायला मी तोंड उघडलं आणि धाडकन लिफ्ट थांबली.

दिवा मंद झाला. आणि वरून माझाच आवाज आला, "कृपया शांत राहा, मदत येत आहे."

मी शांत राहिले. जन्मात मला कोणी गप्प केलं असेल तर ते मीच.

रावांनी माझं मनगट धरलं, घट्ट. ती पकड मला आजही जाणवते. भिंती खरोखरच जवळ आल्यासारख्या वाटत होत्या आणि पंखाही थांबला होता. "बाई," ते म्हणाले, "बोला."

"काय बोलू? अडकलो आपण!"

"कांहींही. तुम्ही बोललांत तेव्हां थांबली. गोण्या बोलत नाहींत. मी बोलत नाहीं. मामा बोलत होते. नादस्वरम..." त्यांनी लॅपटॉप ओढला. "बोला!"

म्हणून मी त्या बंद पेटीत, घामाने निथळत, रेडकाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. माझा आवाज चिरकत होता. राव पडद्यावर बोट फिरवत काहीतरी शोधत होते. रेडकू गच्चीवर पोचायच्या आत ते हसले. मला वाटलं, गोष्टीला हसले.

"एका पानावर दोघे," ते म्हणाले.

मग त्यांनी तिथेच, अंधुक उजेडात, मला सांगितलं. कॅशमध्ये पुसायचं तर अक्षर अक्षर पुसता येत नाही. पान उचलावं तसं एक अख्खं पान उचलून टाकावं लागतं. लिफ्टीचा कान, म्हणजे माइक, ऐकलेलं थेट मुदपाकखान्यात नेऊन ठेवतो. ते ताजं मिळावं म्हणून प्रोसेसर आपलं जुनं पान टाकून देतो. बरोबरच आहे. पण त्याच पानाच्या कोपऱ्यावर लिफ्ट कितव्या मजल्यावर आहे तो आकडाही बसवलेला होता. तो नुकताच बदललेला, अजून मुदपाकखान्यात न कळवलेला. पानासकट तोही गेला. मग प्रोसेसरने मुदपाकखान्यात विचारलं, तर तिथे जुना मजला. लिफ्टीला वाटलं आपण एकावर आहोत, दाराचा सेन्सर म्हणाला दोनावर. दोघांचं जुळेना, म्हणून ती जागीच थांबली. आत कोणी बोललं नाही तर माइक काही नेत नाही, पान कोणी टाकत नाही, सगळं सुरळीत.

"जुन्या लिफ्टींत काय म्हणून नाहीं झालं?" त्यांनी स्वतःलाच विचारलं. "कारण टाकण्याआधीं अस्कं लिहून ठेवत होतों."

"पण दोघांना एका पानावर बसवलं कोणी?" मी विचारलं. "वळ्ळीनं?"

रावांनी लॅपटॉप मिटला. "मी. मेमरी वाटून देणारा भाग माझा आहे. पूर्वी चिपा लहान होत्या, बाई. जागा वांचवायची म्हणून दाटीवाटीनें बसवीत होतों. मला त्याचा फार अभिमान होता." मग हळूच, "अस्कं तपासलं. वळ्ळीचं दोनदां तपासलं. माझं तपासलंच नाहीं."

वळ्ळीने हाताने चाक फिरवून लिफ्ट खाली आणली आणि दार उघडलं. बाहेर सगळी कंपनी उभी. राव बाहेर आले, भिजलेले, आणि सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "दोष माझा होता. दुरुस्ती तूं कर."

"तुम्ही तपासणार?" तिने विचारलं.

"नाहीं," राव म्हणाले. हा शब्द उच्चारायला त्यांना लिफ्टीत बसण्यापेक्षा जास्त धीर लागला, असं माझं मत आहे.

दुरुस्ती छोटी होती. प्रत्येकाला स्वतंत्र पान द्यायचं, थोडी जागा वाया गेली तरी चालेल. वळ्ळीने केली, आणि मग कंपनीतल्या सगळ्यांना लिफ्टीत कोंबून दिवसभर गप्पा मारायला लावलं. माझी नोकरी इतकी सुखाची कधीच नव्हती. लिफ्ट अडली नाही. वळ्ळीने दवाखान्यासाठी सही केली, मुदलाळींनी राजीनामा मंजूर केला, आणि रावांनी आपला कामाचा फोन माझ्या हाती दिला. "तो वळ्ळीला द्या," म्हणाले. "मी दिला तर परत मागेन."

बंगळूरकडे जाणारी संध्याकाळची गाडी. वहिनींनी बॅग नव्याने भरली होती. राव खिडकीत बसले, गळ्यापर्यंत बटणं लावून, लग्नाला निघाल्यासारखे. गाडीने शिटी दिली आणि माझ्या हातातला तो फोन वाजला.

पापनाशमच्या एका सोन्याचांदीच्या दुकानातली लिफ्ट. जुनी, रावांची. आत गिऱ्हाइकं अडकली होती. दुकानदार राव, राव म्हणून हाका मारत होता.

आता बघा कसं असतं. ही गाडी इथून निघून पापनाशमलाच थांबते. रावांना कळलं तर ते तिथे उतरणार, हे मला सूर्य उगवतो तितकं पक्कं माहीत होतं. आणि एकदा उतरले की बॅग पुन्हा कपाट होणार.

राव काचेतून माझ्याकडे बघत होते. डावी भुवई वर गेली. "काय झालं?"

मी आयुष्यात पुष्कळ नाटकं केली आहेत. "राँग नंबर!" मी ओरडले, हसले, हात हलवला. गाडी हलली.

मी वळ्ळीला फोन लावला. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "सरांना सांगितलंत?"

"नाही."

"नका सांगू. मी निघाले." मागे तिच्या गाडीचा आवाज आला.

मी फलाटावरच बसून राहिले. आत अडकलेली माणसं, रस्त्यावर वळ्ळी, गाडीत राव. तिघांचं एकदम कसं होईल, याचाच हिशेब करत होते. पाऊण तासाने वळ्ळीचा फोन आला. विजेचा एक फेज गेला होता. सगळे बाहेर आले, एका आजींनी तिला कॉफी पाजली. मी लगेच वहिनींना फोन लावला.

"वैनी, गाडी कुठं आली?"

"पापनाशम. केव्हांची उभी आहे, सिग्नल नाहीं म्हणे." त्या अगदी हळू बोलत होत्या. "फोन लिफ्टीचाच होता ना? तुमचं तोंड मी बघितलं."

"हो. पण वळ्ळीनं काम केलं. राव काय करताहेत?"

"त्यांनींही बघितलं कीं तुमचं तोंड. केव्हांपासून चप्पल शोधताहेत. खालीं उतरून एकदां बघून येतों म्हणतात."

"मग? सापडली?"

"कशी सांपडेल?" वहिनी म्हणाल्या. "माझ्या पायांखालीं आहे. वरून साडी सोडून बसलें आहें."

फोनमधून रावांचा आवाज आला, सीटच्या खालून यावा तसा दबलेला, आणि मग गाडी सुटल्याचा खडखडाट.